धाप कोणाला दाखवावी?

मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जालना, आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जालना, यांस

महोदय,

श्वास पुरत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाने कोणत्या तज्ज्ञाकडे जावे, हे जालना जिल्ह्यात बहुधा त्याचे नातेवाईक, गावातील औषध दुकानदार किंवा ओळखीचा कंपाउंडर ठरवतो. आणि तो अंदाज चुकला की रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तालुक्यातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून छत्रपती संभाजीनगरला फिरत राहतो. प्रत्येक ठिकाणी त्याच्या पिशवीत एका नव्या एक्स-रेची भर पडते, मात्र आधीच्या डॉक्टरांनी कोणता आजार गृहीत धरला होता आणि तो का बाद केला, याची एका ओळीचीही नोंद त्या पिशवीत सापडत नाही. अशा रुग्णाच्या आजाराला पुढे ‘निदान न झालेला’ असे म्हटले जाते. प्रस्तुत पत्राचे म्हणणे असे आहे की यांतील बहुसंख्य रुग्णांची धाप गूढ नसते. ती कधी नीट विचारली आणि मोजली गेलेली नसते, आणि योग्य तज्ज्ञ शोधण्याचे काम रुग्णावर सोडून दिलेले असते, जे मुळात आरोग्यव्यवस्थेच्या पहिल्या पायरीवर व्हायला हवे.

हा प्रश्न जालन्यापुरता नाही, पण जालन्यात तो अधिक टोकदार आहे. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील तालुके घेऊन हा जिल्हा वेगळा झाला. प्रशासन वेगळे झाले, तरी अवघड आजाराचा रस्ता जुन्या मुख्यालयाकडेच, म्हणजे 1956 पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ‘घाटी’ रुग्णालयाकडे जात राहिला. जालना शहरापासून ते अंतर सुमारे 60 किलोमीटर आहे. परतूरच्या रुग्णाला निदान रेल्वे मिळते, मंठा, घनसावंगी, जाफराबाद किंवा भोकरदनच्या रुग्णाला एसटी किंवा वडापशिवाय पर्याय नाही, आणि ज्याला चार पावले चालताना थांबावे लागते त्याच्यासाठी हा प्रवास हीच एक परीक्षा ठरते. 2024-25 या शैक्षणिक वर्षात 100 जागांसह जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय त्याआधीपासून आहे. म्हणजे तज्ज्ञ जिल्ह्याबाहेरच मिळतात, हे कारण आता पूर्वीसारखे चालणार नाही. उरतो तो मार्गाचा प्रश्न.

श्वास घेणे ही क्रिया फुफ्फुसांची मानली जात असली, तरी ती एकट्या फुफ्फुसांची नाही. नाक, घसा आणि स्वरयंत्रातून हवा आत येते, श्वासनलिकांतून वायुकोशांपर्यंत म्हणजे फुफ्फुसातील सूक्ष्म फुग्यांपर्यंत पोचते, तेथे प्राणवायू रक्तात उतरतो, हिमोग्लोबिन तो वाहून नेते, हृदय ते रक्त ढकलते, छातीचे स्नायू आणि मध्यपटल म्हणजे छाती व पोट यांमधील स्नायूचा पडदा भाता चालवतात, आणि या सर्वांचा ताल मेंदू राखतो. या साखळीतील कोणतीही कडी कमकुवत झाली तरी रुग्णाची तक्रार एकच असते. वैद्यकशास्त्राची विभागणी मात्र अवयवांनुसार झालेली आहे: छातीविकारतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ. रुग्ण लक्षण घेऊन येतो आणि दारावरच्या पाट्या अवयवांच्या असतात. जिल्ह्यातील श्वसनरुग्णांची सारी ओढाताण या दोहोंमधील फटीतून निर्माण होते.

ही फट किती जणांच्या वाट्याला येते याची कल्पना दोन अभ्यासांवरून येते. 1 फेब्रुवारी 2011 या एकाच दिवशी भारतातील 880 शहरे व गावे यांतील प्राथमिक डॉक्टरांकडे आलेल्या 2,04,912 रुग्णांची नोंद करणारा, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेला ‘पोसायडन’ अभ्यास 2015 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून किंचित अधिक रुग्णांना श्वसनसंस्थेची काही ना काही तक्रार होती. त्याच नियतकालिकात 2018 मध्ये आलेल्या आजारभाराच्या अंदाजानुसार 2016 साली भारतात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या आजाराचे, सुमारे 5 कोटी 53 लाख आणि दम्याचे सुमारे 3 कोटी 79 लाख रुग्ण होते. एवढ्या लोकांना थेट तज्ज्ञाकडे पाठवणे कोणत्याही देशाला शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. आवश्यकता आहे ती निवडीची; आणि निवड प्रश्नांपासून सुरू होते.

धाप कधी लागते, हा पहिला प्रश्न. आडवे झाल्यावर ती वाढते, उशा एकावर एक रचाव्या लागतात, रात्री एक-दोनच्या सुमारास घुसमटून उठून बसावे लागते आणि पायांवर सूज असते, अशा रुग्णाची वाट बहुधा हृदयरोगतज्ज्ञाकडे जाते. पहाटे छातीत शिट्ट्या वाजतात, ऋतू बदलला, धूळ उडाली किंवा फोडणीचा ठसका बसला की त्रास उसळतो आणि मधले दिवस अगदी मोकळे जातात, तेव्हा दम्याची शक्यता प्रबळ होते. वर्षानुवर्षे हळूहळू वाढत गेलेली, विश्रांतीत नसलेली पण चढावर हमखास येणारी धाप, सोबत कोरडा खोकला, फुफ्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा, चिकटपट्टी सावकाश उकलल्यासारखा आवाज, आणि नखांच्या मुळाशी आलेला फुगवटा ही लक्षणे एकत्र आली, तर फुफ्फुसांच्या जाळीला व्रण पडणाऱ्या आजारांचा, ज्यांना डॉक्टर एकत्रितपणे आयएलडी म्हणतात, विचार करावाच लागतो, आणि तो करणारा माणूस म्हणजे छातीविकारतज्ज्ञ. श्वास सोडताना नव्हे तर घेताना आवाज येतो, अडथळा छातीत नसून गळ्यात वाटतो, झटका अचानक येतो आणि तितक्याच अचानक जातो, पंपाने काही फरक पडत नाही, अशा रुग्णाच्या स्वरतंतूंची हालचाल कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून पाहायला हवी. श्वास घेताना उघडण्याऐवजी स्वरतंतू जवळ येण्याचा या विकाराचे रुग्ण वर्षानुवर्षे दम्याचे उपचार घेत राहतात. संध्याकाळकडे पापण्या जड होणे, बोलता बोलता आवाज फाटणे, गिळताना त्रास आणि उताणे झोपताच श्वास कमी पडणे, ही स्नायूंच्या दुबळेपणाची खूण असून तेथे मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञाची गरज असते. जागेवर बसूनही ‘पूर्ण श्वास भरत नाही’ म्हणून वारंवार सुस्कारे टाकणे, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येणे, पण चालताना मात्र काहीच न होणे, या चित्रात श्वासाची लयच बिघडलेली असू शकते. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी पाठवण्याची रीत सोपी आहे, पण बरी नाही. तोही उपचार करण्याजोगा विकार आहे, आणि तो आहे असे म्हणण्यापूर्वी बाकीचे तपासावे लागते.

दुसरा प्रश्न ‘किती’ हा. वेल्समधील कोळसा खाण कामगारांच्या अभ्यासातून विसाव्या शतकाच्या मध्यात तयार झालेली धापेची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते: फक्त जड कष्टात धाप लागणे ही शून्य क्रमांकाची पायरी, सपाटीवर भरभर चालताना किंवा लहान चढावर लागणे ही पहिली, समवयस्कांच्या मागे पडणे किंवा आपल्या चालीतही थांबावे लागणे ही दुसरी, सुमारे शंभर मीटरवर थांबावे लागणे ही तिसरी, आणि घराबाहेर पडता न येणे किंवा कपडे बदलतानाही धापणे ही चौथी. ही नोंद करायला यंत्र लागत नाही, अर्धे मिनिट पुरते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच आकडा लिहिला तर आजार कोणत्या दिशेला चालला आहे ते कळते. तरीही रुग्णाच्या कागदावर तो आकडा क्वचितच असतो.

तिसरा प्रश्न जालन्यात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत कमी विचारला जातो: हा माणूस दिवसभर कोणत्या हवेत काम करतो?

जालना हे लोखंडी सळईचे गाव आहे. भंगार वितळवून बिलेट ओतणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि त्या बिलेटची सळई लाटणाऱ्या रोलिंग मिल हा या शहराचा कणा आहे, आणि त्यांत राबणारे कामगार मोठ्या प्रमाणात उत्तर भारतातून आलेले असतात. भट्टीजवळची उष्णता आणि धूर डोळ्यांना दिसतो. अधिक घातक गोष्ट दिसत नाही. इंडक्शन भट्टीला आतून जे अस्तर लावतात, ज्याला कामगार ‘लायनिंग’ म्हणतात, ते बहुधा ‘रॅमिंग मास’ या कोरड्या भुकटीचे असते आणि तिच्यात स्फटिकरूप सिलिका म्हणजे गारेची वाळू हा मुख्य घटक असतो. ठरावीक संख्येने ओतकाम झाले की जुने अस्तर फोडून काढायचे आणि नवी भुकटी ओतून ठोकून बसवायची. तोंडाला गमछा बांधून भट्टीच्या अरुंद पोकळीत हे काम करणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांत जाणारे कण इतके बारीक असतात की गमछ्याचे विणकाम त्यांना अडवू शकत नाही. ते वायुकोशांत रुततात आणि तेथे गाठी तयार करतात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, धूळ सुटल्यानंतरही वाढू शकतो, क्षयरोगाचा धोका अनेक पटींनी वाढवतो, आणि एक्स-रेवर क्षयासारखा दिसत असल्याने कित्येकदा थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात. जो डॉक्टर ‘लायनिंगचे काम किती वर्षे केले’ असे विचारत नाही, त्याला हे निदान सुचण्याचा संभव फार थोडा. खडी क्रशरवरील कामगारांची गोष्ट वेगळी नाही.

जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो. कापसातून सरकी वेगळी होताना उडणारी तूस आणि तिच्यात मिसळलेले पानांचे, बोंडांच्या सालीचे व जिवाणूंचे अंश श्वासनलिकांना आवळतात. गिरणी कामगारांत यातून होणाऱ्या आजाराला बायसिनोसिस म्हणतात. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे आणि पुढील दिवसांत त्रास ओसरणे ही त्याची सुरुवातीची ओळख आहे, आणि पुढे सुट्टी असो वा नसो, त्रास कायमचा होतो. मुंबईच्या गिरण्यांतील या आजारावर केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी काम केले. मुरलीधर आणि कान्हेरे यांचा मुंबईतील एका गिरणीविषयीचा अभ्यास 1995 मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाला. मराठी वैद्यकविश्वाला हा आजार अनोळखी नाही, फक्त तो गिरणगावाबरोबर संपला अशी समजूत होऊन बसली आहे. जिनिंगमधील धुळीचे स्वरूप गिरणीतल्यासारखेच असते असे नाही, आणि हंगामी मजूर वर्षाचे काही महिनेच तेथे असतात. म्हणूनच त्यांच्याबाबत हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा, फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी होणे अर्थपूर्ण ठरेल.

कारखान्याच्या बाहेरही हवा निर्दोष नाही. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर चालणाऱ्या चुलीसमोर आयुष्य काढलेल्या बाईला, तिने कधी विडी ओढलेली नसतानाही, सीओपीडी होतो, पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर जो लेख लिहिला, त्याने या गोष्टीकडे जगाचे लक्ष वेधले. बुरशी आलेला कडबा किंवा भुसा हाताळल्यावर काही तासांनी ताप, अंगदुखी आणि धाप येणे हे अतिसंवेदनशीलतेमुळे होणाऱ्या फुफ्फुसदाहाचे रूप असू शकते. कबुतरांच्या विष्ठेमुळेही तोच आजार होतो. भारतातील आयएलडीच्या 1,084 रुग्णांची जी नोंदवही 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळजवळ निम्म्या, म्हणजे 47.3 टक्के, रुग्णांना हाच फुफ्फुसदाह होता आणि संपर्कातील घटकांत एअर कूलर ठळकपणे पुढे आला. मराठवाड्यात मार्च ते जून घरोघरी चालणारा पत्र्याचा कूलर, त्याच्या जाळीत वर्षानुवर्षे न बदललेले लाकडी भुशाचे गवत आणि टाकीत साचलेले हिरवट पाणी ज्याने पाहिले आहे त्याला याचे नवल वाटू नये. अशा रुग्णाला उन्हाळ्यात धाप आणि दिवाळीत आराम असेल, तर कूलर हा प्रश्न विचारणे एखाद्या महागड्या तपासणीइतके मोलाचे ठरते. शिवाय जालना शहर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचे निकष न गाठलेल्या शहरांच्या यादीत आहेच.

व्यवसायजन्य आजार ओळखण्याचे एक कायदेशीर अंगही आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस आणि बायसिनोसिस यांची नावे होती आणि कलम 89 नुसार असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरावर कारखाने निरीक्षणालयाला कळवण्याचे बंधन होते. कामगार संहितांच्या नव्या रचनेतही अधिसूचित आजारांची यादी आणि कळवण्याची जबाबदारी कायम आहे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येते. निदान लिहिले गेले नाही तर सूचना जात नाही, सूचना गेली नाही तर भरपाई नाही आणि त्याच भट्टीवरील पुढच्या माणसाचे संरक्षणही नाही. राजस्थानने 2019 मध्ये धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसविकारांसाठी स्वतंत्र धोरण करून जिल्हा पातळीवर प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभी केली. भट्ट्यांचे शहर असलेल्या जालन्याला त्याचा अभ्यास करायला हरकत नसावी.

प्रश्नांनंतर मोजमाप. हिमोग्लोबिन, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आधी बसून आणि मग सहा मिनिटे चालवून घेतलेली प्राणवायूची नोंद, ईसीजी, छातीचा एक्स-रे, आणि स्पायरोमेट्री म्हणजे जोराने फुंकून फुफ्फुसांतील हवेचे आकारमान व वेग मोजण्याची तपासणी, एवढ्या पाच गोष्टींनी बहुसंख्य रुग्णांची दिशा ठरते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्यापैकी एखादीच्या धापेसाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नसते, लोहाची असते. मात्र तरुण स्त्रीची गरोदरपणात अचानक वाढलेली धाप रक्तक्षयावर ढकलून मोकळे होणे धोक्याचे आहे, कारण बालपणीच्या सांधेतापाने आकुंचित झालेली हृदयाची झडप याच काळात पहिल्यांदा उघडकीला येते; जिल्हा स्त्री रुग्णालयातून अशा स्त्रीला टू-डी इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी त्याच दिवशी पाठवता आले पाहिजे. बसलेल्या अवस्थेत 97 असलेला प्राणवायू चालल्यावर 90 वर घसरत असेल तर एक्स-रे स्वच्छ असूनही आजार खरा असतो, आणि पुढची तपासणी म्हणून बारीक काप घेणारी एचआरसीटी योग्य ठरते.

या पाचांपैकी सर्वांत दुर्लक्षित तपासणी स्पायरोमेट्री हीच आहे. 2021 च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, जिल्ह्यातील घराघरात एचआरसीटीचा स्कोअर बोलला जात होता; त्याच घरांतील फार थोड्यांनी आयुष्यात कधी त्या नळीत फुंकले असेल. रक्तदाब न मोजता रक्तदाबाची गोळी देणारा डॉक्टर आज हास्यास्पद ठरेल, पण न फुंकवता दम्याचे किंवा सीओपीडीचे औषध वर्षानुवर्षे देणे अजून सर्वमान्य आहे. यंत्र फार महाग नाही. अवघड आहे ते फुंकवून घेणे. रुग्णाला नीट समजावून, नाकाला चिमटा लावून, पूर्ण श्वास भरायला लावून, सहा सेकंद जोर टिकवायला सांगत तीन स्वीकारार्ह प्रयत्न मिळवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ नसेल, तर छापून येणारा आलेख दिशाभूल करतो. औषधाआधी आणि औषधानंतर अशी दोन्ही मोजमापे घेतली, तर दम्यात अडथळा सुटतो आणि सीओपीडीत तो बराच शिल्लक राहतो हे कागदावर दिसते. दम्याच्या रुग्णाची तपासणी मोकळ्या दिवशी अगदी सामान्य येऊ शकते, हेही लिहून ठेवणे इष्ट. अशा वेळी पीक फ्लो मीटर या स्वस्त नळीने दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवल्यास चढउतार हाती लागतो.

येथे एका प्रचलित सवयीचा उल्लेख टाळता येत नाही. गावपातळीवर धापेच्या रुग्णाला स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळ्यांची पुडी देण्याची पद्धत सर्वदूर आहे. दोन दिवसांत बरे वाटते आणि डॉक्टरच्या हाताला गुण आहे अशी ख्याती होते. स्टिरॉइड दम्यालाही उतार देते आणि कूलरच्या फुफ्फुसदाहालाही, म्हणून त्या आरामातून निदान काहीच सिद्ध होत नाही. उलट रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात आणि दडलेला क्षय डोके वर काढतो. श्वासातून घ्यायच्या पंपाची मात्र ‘सवय लागते’ म्हणून भीती घातली जाते, ज्यात औषधाची मात्रा कितीतरी कमी असते. क्षयाचा कोर्स पूर्ण केलेल्या रुग्णाची धाप हीही अशीच दुर्लक्षित बाजू आहे: जंतू गेले, व्रण राहिले, फुफ्फुसाची क्षमता घटली, आणि तरीही त्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा क्षयाचीच औषधे चालू होतात.

या सर्वांवरून आपल्या दोन्ही कार्यालयांकडे जी मागणी येते ती मोठ्या खर्चाची नाही. महाविद्यालय आणि जिल्हा रुग्णालय यांनी मिळून आठवड्यातून एक दिवस ‘धाप बाह्यरुग्ण विभाग’ चालवावा, ज्याच्या पाटीवर अवयवाचे नव्हे तर लक्षणाचे नाव असेल. तेथे छातीविकारतज्ज्ञ आणि फिजिशियन एकाच दालनात बसावेत, ईसीजी, स्पायरोमेट्री आणि चालण्याची चाचणी त्याच सकाळी व्हावी, आणि कान-नाक-घसा, मानसोपचार व स्त्रीरोग विभागांनी त्या वेळी बोलावल्यास यायचे, असे ठरलेले असावे. 2020 मध्ये, नेमक्या कोविड साथीच्या वर्षी, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएस महाविद्यालयांच्या किमान निकषांतून श्वसनविकार विभागाची सक्ती काढली आणि छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. निकष काहीही म्हणोत, जालन्यासारख्या ठिकाणी हा विभाग ऐच्छिक समजणे परवडणारे नाही. खर्चाचा मुद्दाही स्पष्ट व्हावा: सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या व उपचार निःशुल्क झाले, वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेत नव्हती, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. धापेच्या रुग्णाचा खर्च नेमका दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्यांवर होतो, तेव्हा त्या कोणत्या खिडकीवर विनामूल्य होतील हे फलकावर लिहिलेले असणे आवश्यक आहे.

या विभागाला रुग्ण कोठून मिळतील, याचे उत्तर शासनाच्याच कागदावर आहे. आशा कार्यकर्त्या 30 वर्षांवरील प्रत्येकासाठी जो ‘सीबॅक’ तक्ता भरतात, त्यात धाप लागते का, दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे का, स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता आणि धूर-धुळीच्या ठिकाणी काम करता का, हे विचारले जाते. म्हणजे प्रश्न दारापर्यंत पोचलेला आहे. त्याचे उत्तर नोंदवहीत थांबते. प्राथमिक आरोग्य केंद्राने त्या ‘होय’ला अर्ध्या पानाची संदर्भचिठ्ठी जोडावी: धापेची पायरी, ती कधी वाढते, हिमोग्लोबिन, बसून व चालून प्राणवायू, काम कोणते व किती वर्षे, चूल-कूलर-कबुतरे-कडबा यांपैकी काय, क्षयाचा पूर्वेतिहास, आजवर घेतलेली औषधे, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरला कोणती शंका आहे. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण शंका लिहिली की ती खोडून काढण्याची जबाबदारी पुढच्यावर येते. परतीच्या चिठ्ठीशिवाय रुग्णाला घरी सोडू नये.

ओठ निळसर होणे, वाक्य पूर्ण न करता येणे, प्राणवायू 90 च्या खाली जाणे, खोकल्यातून रक्त, छातीत अचानक कळ किंवा एका पायाला सूज येऊन लागलेली धाप यांना ही चिठ्ठी लागू नाही; तेथे 108 हा एकच क्रमांक.

हे सारे करूनही काही रुग्णांचे कारण सापडणार नाही. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेला दाब, वायूंची देवाणघेवाण मोजणारी डीएलसीओ चाचणी, सायकल चालवताना हृदय व फुफ्फुसे एकत्र तपासणारी चाचणी यांसाठी संभाजीनगर किंवा पुणे गाठावेच लागेल, आणि अशा रुग्णांची यादी करून महिन्यातून एकदा तेथील तज्ज्ञांशी दूरचित्र माध्यमातून चर्चा झाल्यास निम्म्यांचा प्रवास कदाचित वाचेल. जे तेथूनही उत्तराविना परततील त्यांना श्वासाचे व्यायाम, चालण्याचा क्रम आणि सहा महिन्यांनी फेरतपासणीची लिखित तारीख मिळावी, कारण काही आजार पहिल्या भेटीत ओळखू येण्याइतके वाढलेले नसतात. यंदाचा जिनिंगचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हा विभाग उघडला, तर पहिली तुकडी परतूर आणि जालन्याच्या जिनिंगमधून आणि दुसरी भट्ट्यांच्या लायनिंगवरून बोलावता येईल. कंत्राटी कामगाराची अर्ध्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे कारखानदारांशी त्याआधी बोलून घ्यावे लागेल.

कळावे.